‘पुढील तपास चालू आहे’

सकाळचे वर्तमानपत्र उघडले की आतल्या पानावर एखादी चोरी, एखादी मारामारी, एखादा अपघात यांची आठ-दहा ओळींची बातमी असतेच; आणि तिचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: ‘पुढील तपास चालू आहे.’ आमच्या वर्गातील मुलांना या वाक्याचे हसू येते. पोलिसांना काही ठाऊक नसले, अथवा ठाऊक असून सांगावयाचे नसले, म्हणजे ते असे म्हणतात अशी त्यांची समजूत. आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांची समजूतही याहून फारशी निराळी नसते. या चार शब्दांच्या मागे काय उभे असते, बातमीदाराने प्रश्न केला असता पोलीस खाते काय सांगते, काय सांगत नाही आणि का, हे या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, बातमीदाराने पोलिसांना प्रश्न विचारणे हा आगंतुकपणा नव्हे. माणसाला पकडून कोठडीत घालण्याचा अधिकार आपण साऱ्यांनी मिळून पोलिसांच्या हाती दिलेला असतो. तो कोणावर, केव्हा व कशासाठी वापरला गेला हे आपल्याला कळले पाहिजे. गोव्यातील वृद्ध मंडळींना याची जाणीव अधिक असते. १९६१ पर्यंत येथे पोर्तुगीज अमदानी होती, आणि वर्तमानपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जावा लागे. सरकारला न रुचणारी गोष्ट अशा वेळी तिठ्यावर दबक्या आवाजात कळे, छापील अक्षरांत नव्हे. तेव्हा पोलिसांचे मौन हे स्वतःच काही सद्गुण नव्हे. ते केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या देशात पोलीस खाते राज्य सरकारांच्या अखत्यारीत येते. म्हणून केंद्रीय गृहमंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजी या विषयावर जे पत्र काढले ते राज्यांना दिलेल्या सल्ल्याच्या स्वरूपाचे होते. त्याला कायद्याचा दर्जा नव्हता. तथापि बातमीदारांशी कसे वागावे याचा विचार त्यात बराच तपशीलवार केलेला आहे. त्यातील पहिली गोष्ट अशी की, बोलावयाचे ते नेमलेल्या अधिकाऱ्यानेच. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांचे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचे. हा नियम केवळ अधिकाराच्या दिमाखासाठी केलेला नाही. समजा, एक हवालदार म्हणाला की वार सुरीचा होता, आणि दुसरा म्हणाला की कोयत्याचा. दोन वर्तमानपत्रांत दोन बातम्या आल्या. ज्या शेजाऱ्याने अंधारात काहीतरी चकाकताना पाहिले, तोही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचतोच! पुढे न्यायालयात तो जे सांगेल ते डोळ्यांनी पाहिलेले असेल की वर्तमानपत्रात वाचलेले, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एखाद्या प्रकरणात पोलिसांनी बोलावयाचे ते सामान्यतः चार प्रसंगी: गुन्हा नोंदविला तेव्हा, आरोपीला अटक झाली तेव्हा, न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले तेव्हा आणि निकाल लागला तेव्हा. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत काय घडले आणि तपास हाती घेतला आहे, याहून अधिक काही विनाकारण सांगू नये. प्रकरण फार गाजत असेल तर दिवसातली एक वेळ ठरवून नेमलेल्या अधिकाऱ्याने त्या वेळी निवेदन करावे. रोज एक धागा, रोज एक तर्क असे तुकड्यातुकड्यांनी पुरविण्याची जी खोड असते ती मोडावी, असेही त्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. आमच्या वाचकांनी आता आपल्या आवडत्या वर्तमानपत्रातील ‘पोलीस सूत्रांकडून समजते’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या आठवून पाहाव्यात. सूत्र म्हणजे असा माणूस, की ज्याला बोलण्याचा अधिकार नाही आणि बोलल्यावाचून राहवतही नाही.

आता न सांगावयाच्या गोष्टी. पकडलेल्या माणसाचा चेहरा बातमीदारांपुढे उघडा करू नये असे का म्हणतात? पुष्कळ गुन्ह्यांत ओळख परेड घ्यावी लागते. संशयिताला त्याच्याच वयाच्या व अंगलटीच्या पाच-सात माणसांत उभे करतात आणि साक्षीदाराला त्यांतून ओळखावयास सांगतात. त्याने बोट दाखविले तर त्या बोटाला किंमत असते. परंतु आदल्या दिवशी त्याच माणसाचे छायाचित्र सर्व वर्तमानपत्रांत आलेले असेल, तर साक्षीदार गुन्हेगाराला ओळखतो की छायाचित्राला? आरोपीचा वकील हाच प्रश्न विचारतो, आणि तो विचारण्यात त्याचे काही चुकत नाही. एका छायाचित्राच्या मोबदल्यात पोलीस आपल्या हातातला पुरावा घालवून बसतात. म्हणूनच पुष्कळदा तोंडावर काळा बुरखा घातलेला आरोपी आपल्याला दिसतो. तो बुरखा लाजेचा नसतो. परेडसाठी घातलेला असतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट कबुलीची. ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ हा मथळा आपण कितीदा वाचतो! आणि वाचला की खटला आपल्यापुरता संपतो. परंतु पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या तेविसाव्या कलमातही ते आहे. कबुलीतून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्याशी संबंधित भागाला मात्र अपवाद आहे. कायदा करणाऱ्यांना कोठडीतली कबुली कशी मिळविली जाऊ शकते याची पूर्ण कल्पना होती, म्हणून हा निर्बंध घातला. आता गंमत अशी की, न्यायाधीशाने जे ऐकावयाचेच नाही ते सारा गाव चहाच्या घोटाबरोबर वाचून मोकळा होतो. पुढे तोच माणूस निर्दोष सुटला, तर लोक म्हणतात की न्यायालये ढिली आहेत.

नावांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तेथे सल्ला नसून कायदाच आहे. बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मूल, मग ते अत्याचार सोसलेले असो, साक्षीदार असो वा स्वतः गुन्ह्यात सापडलेले असो, त्याचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र छापता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही शिक्षा सांगितल्या आहेत. शाळेचे नाव का नको, असे एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले. लहान गावात शाळेचे नाव, इयत्ता व वडिलांचा धंदा एवढे सांगितले की नाव सांगावयाचे उरतच नाही.

हे नियम वाचून कोणास वाटेल की, चार प्रसंगी चार वाक्ये बोलली व एरवी तोंड मिटले की पोलिसांचे काम भागले. प्रत्यक्ष प्रसंग इतके सरळ येत नाहीत. काही वेळा बोलावे तरी संकट आणि न बोलावे तरी संकट, अशी स्थिती असते. अमेरिकेच्या राजधानीजवळ २००२ साली जे घडले त्यात या दोन्ही संकटांची उदाहरणे एकाच प्रकरणात सापडतात. म्हणून ती हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

वॉशिंग्टन शहराला लागून मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी नावाचा जिल्हा आहे. ३ ऑक्टोबरच्या सकाळी अडीच तासांच्या आत तेथे चार माणसे दुरून झाडलेल्या एकेका गोळीने मेली. कोणी गवत कापीत होता, कोणी बाकावर बसली होती. एक गृहस्थ आपल्या टॅक्सीत पेट्रोल भरीत होते, आणि ते महाराष्ट्रातून जाऊन तिकडे स्थायिक झालेले होते. आदल्या संध्याकाळी असाच एक बळी गेला होता व त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये आणखी एक गेला. मारणारा कोण, कोठून मारतो, का मारतो, काहीच कळेना. पुढे तीन आठवडे हा प्रकार चालला. एकूण दहा माणसे मेली, तीन जखमी झाली. लोक पेट्रोल भरताना गाडीच्या आड वाकून उभे राहू लागले, शाळांनी मुलांना मैदानावर सोडणे बंद केले. जिल्ह्याचे पोलीसप्रमुख चार्ल्स मूस यांच्या कचेरीबाहेर देशोदेशींच्या बातमीदारांचा तळच पडला, आणि दिवसातून अनेकदा या गृहस्थाला ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे लागले.

पहिली चूक झाली ती बोलण्यामुळे. एका गोळीबाराच्या वेळी पांढरा मालवाहू ट्रक वेगाने जाताना पाहिल्याचे कोणी सांगितले. पोलिसांनी ते जाहीर केले. पुढे पांढऱ्या व्हॅनचाही उल्लेख झाला. झाले! त्यानंतर जेथे गोळी सुटे तेथे लोकांना पांढरी गाडीच दिसे. आणि अशा गाड्या त्या भागात हजारो होत्या. खरी गाडी होती निळी, जुनी, शेवरले कंपनीची. तिच्या डिकीला भोक पाडून आतून नेम धरीत. त्या तीन आठवड्यांत पोलिसांनी या गाडीचा क्रमांक अनेकदा तपासला होता. एकदा तर बाल्टिमोर शहरात तीत झोपलेल्या माणसाशी बोलून पोलीस शिपायाने त्याला जाऊ दिले होते. सगळ्यांचे डोळे पांढऱ्या रंगावर खिळलेले होते. सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, कोणीतरी तसे पाहिलेच होते. परंतु अधिकाऱ्याच्या तोंडून एकदा गेलेली गोष्ट शंकेसह जात नाही. ती खात्री होऊनच लोकांपर्यंत पोचते.

दुसरी हानी झाली ती गुपित फुटल्यामुळे. ७ ऑक्टोबर रोजी शाळेच्या दाराशी तेरा वर्षांच्या मुलाला गोळी लागली. सुदैवाने तो वाचला. त्याविषयी बोलताना मूस यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते साऱ्या देशाने पाहिले. त्या शाळेजवळच्या झाडीत भविष्य सांगण्याच्या पत्त्यांपैकी मृत्यूचे चित्र असलेला एक पत्ता सापडला. त्यावर पोलिसांसाठी एक सांकेतिक वाक्य लिहिले होते, आणि हे वर्तमानपत्रांना देऊ नये असेही बजावले होते. तपासकामात अशा गोष्टीला सोन्याचे मोल असते. मोठ्या गुन्ह्यानंतर ‘मीच तो’ असे सांगणारे अर्धवट लोक फोन करू लागतात. जे फक्त खऱ्या गुन्हेगाराला ठाऊक आहे ते गुप्त ठेवले, तरच त्यांतून खरा निवडता येतो. शिवाय येथे तर गुन्हेगार स्वतः होऊन बोलावयास तयार झाला होता. दोन दिवसांत ही बातमी फुटली. खात्यातीलच कोणीतरी बोलले असले पाहिजे. बातमीत आलेले शब्द पत्त्यावरच्या शब्दांशी पुरते जुळत नव्हते हे पुढे खटल्यात दिसून आले. पण गुन्हेगाराला एवढे मात्र कळले की, ज्यांना गुपित सांगितले त्यांनी ते राखले नाही. मूस बातमीदारांवर उघडपणे संतापले.

तिसरी गोष्ट न बोलण्याची, आणि आमच्या मते या हकीकतीतील सर्वांत अवघड प्रश्न हाच. १९ ऑक्टोबरच्या रात्री व्हर्जिनिया राज्यात एका उपाहारगृहाबाहेर गोळीबार झाला व तेथे एक लांब पत्र मिळाले. एक कोटी डॉलरची मागणी होती. आम्ही फोन केले असता तुमच्या माणसांनी ते थट्टेवारी नेले, अशी तक्रार होती. आणि शेवटी ताजा कलम: तुमची मुले कोठेही, कधीही सुरक्षित नाहीत. हे वाक्य जाहीर करावे की नाही? करावे, तर लाखो घरांत हाहाकार. शिवाय गुन्हेगाराशी नुकताच जुळत असलेला धागा तुटण्याची भीती. न करावे, तर आईबाप मुलांना काही न कळता बाहेर पाठविणार. पोलिसांनी ते तीन दिवस राखून ठेवले. रिचमंड शहराच्या परिसरातील शाळा मात्र दोन दिवस बंद राहिल्या, तेव्हा लोकांनी काय ते ताडलेच. २२ तारखेला पहाटे एका बसचालकाचा बळी गेला, आणि त्या दिवशी मूस यांनी ते वाक्य वाचून दाखविले. आईबाप रागावले, इतके दिवस आम्हांला का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. या रागाला उत्तर देणे सोपे नाही, आणि आम्हीही देऊ शकत नाही. मुले शाळेत पाठविणाऱ्यांपैकी आणि मुले शाळेत घेणाऱ्यांपैकी आम्ही दोन्ही आहोत.

दरम्यान एक विलक्षण गोष्ट चालली होती. पत्रकार परिषद हेच गुन्हेगाराशी बोलण्याचे साधन बनले होते. ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून मूस अज्ञात माणसाला उद्देशून सांगत, की तुमचा निरोप मिळाला, आम्हांला बोलावयाचे आहे. आवाज नीट ऐकू आला नाही, पुन्हा फोन करा. एकदा तर गुन्हेगारांच्या मागणीवरून त्यांनी फासात अडकलेल्या बदकाविषयीचे एक चमत्कारिक वाक्यही उच्चारले. समोर बसलेल्या बातमीदारांना त्याचा अर्थ कळेना. ते त्यांच्यासाठी नव्हतेच. आणि तपासाचा खरा धागा मिळाला तोही याच दारातून. बातमीदारांना उत्तरे देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यालाच गुन्हेगाराचा फोन आला होता. आपण खरे आहोत हे पटविण्यासाठी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी नावाच्याच शहरात आपण केलेल्या एका गुन्ह्याचा त्याने उल्लेख केला. तेथील बोटांचे ठसे तपासले, आणि नाव निघाले.

२३ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास जॉन ॲलन मुहम्मद या माजी सैनिकाचा शोध चालू असल्याचे जाहीर झाले. निळ्या गाडीचे वर्णन व क्रमांकही रेडिओवरून सर्वत्र गेला. काही तासांतच हमरस्त्यालगतच्या एका विश्रांतिस्थळावर ती गाडी लोकांना दिसली. त्यांनी पोलिसांना कळविले, आणि पहाटे आत झोपलेले दोघेही पकडले गेले. तीन आठवडे जे साऱ्या फौजेला जमले नाही ते अचूक माहिती लोकांच्या हाती पडताच काही तासांत झाले. दुसरा आरोपी सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव तिकडे सर्वांनी छापले. आपल्या कायद्याने ते छापता आले नसते, म्हणून आम्हीही येथे देत नाही. मुहम्मदला २००९ साली देहान्त शिक्षा झाली. मूस यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहावयास घेतले. नोकरीत असताना ते करू नये असे जिल्ह्याच्या नीतिमंडळाने ठरविले, तेव्हा त्यांनी २००३ साली नोकरीच सोडली. बातमी राखण्यासाठी झगडलेल्या माणसालाही शेवटी सांगण्याचा मोह आवरला नाही, हे आम्हांला अगदी मनुष्यस्वभावाला धरून वाटते.

आपल्याकडे असाच कठीण प्रसंग मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी आला. ताजमहाल हॉटेलात, ओबेरॉय-ट्रायडेंटमध्ये व नरिमन हाउसमध्ये दहशतवादी शिरले होते आणि बाहेरून जवानांची प्रत्येक हालचाल दूरचित्रवाणी घरोघर दाखवीत होती. घरोघर म्हणजे सीमेपलीकडेही. तेथे बसलेले सूत्रधार ती चित्रे पाहून आतल्या लोकांना फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणाबद्दल वाहिन्यांना कडक शब्दांत दोष दिला. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती झाली: अशी कारवाई संपेपर्यंत थेट चित्रे दाखवावयाची नाहीत, सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी जे सांगेल तेवढेच द्यावयाचे.

मात्र एरवीच्या प्रकरणांत पोलीस बोलतात ते फारच आणि भलत्या वेळी, हे दुखणे २०१० च्या पत्राने बरे झाले नाही. १३ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गृहमंत्रालयाला नवी सविस्तर नियमावली तयार करण्यास सांगितले. एकतर्फी माहितीमुळे आरोपीने गुन्हा केलाच, असे लोकांचे मत आधीच बनते, आणि बळी पडलेल्यांच्या खाजगी आयुष्यावरही घाला येतो, असे त्या वेळी न्यायालयाने म्हटले.

ज्यांना सूत्रांवर विसंबून राहावयाचे नाही त्यांच्यासाठी एक सोय झालेली आहे. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ठाण्यावर नोंदलेली प्रथम खबर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावयास हवी. दुर्गम भागात बहात्तर तासांपर्यंत सवलत आहे. लैंगिक गुन्हे, मुलांवरील अत्याचार, दहशतवाद असे नाजूक प्रकार तेवढे वगळले जातात. ही प्रथम खबर वाचताना इतकेच ध्यानात ठेवावे की, ती फिर्याद करणाराचे म्हणणे असते. पोलिसांनी ते लिहून घेतलेले असते; त्यातले किती खरे, ते पाहण्यास त्यांनी त्या घटकेपासून आरंभ केलेला असतो.